सहावा रकाना

भाजीची जुडी हातात देण्याआधी ती तिच्यातलं एक पान तोडून स्वतः खायची. सावकाश, दाढेखाली धरून, समोरच्याच्या डोळ्यांत बघत. गिळून झालं की म्हणायची, "आधी मी, मंग तुमी." मगच जुडी पिशवीत पडायची. पालक असो, अंबाडी असो, नाहीतर सांबार. सांबार म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे. आमच्या वाशीम जिल्ह्यात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मी तुम्हा दोघांना दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत तीनदा सांगितलं आहे.

त्याच सुट्टीत धाकट्यानं तिला विचारलं होतं, "तुम्ही न धुता कशा खाता?" तिनं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "धुवाले पानी थेच हाये, बाबू," म्हणाली. तेव्हा आपण सगळे हसलो होतो.

परवा थोरलीनं फोनवर विचारलं, "आजी, ती पान खाऊन दाखवणारी बाई कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे. ते खरं नव्हतं. फोनवर खोटं बोलणं सोपं जातं, म्हणून लिहायला बसले आहे. तिचं नाव लिहिणार नाही. सरकारी कागदांवर ते पुष्कळदा लिहून झालं आहे, आणि बहुतेक ठिकाणी माझ्याच अक्षरात.

कारंज्यातल्या आपल्या कॉलनीची शेवटची रांग संपते तिथे नाला आहे, तुम्ही पाहिला आहे. नाल्यापलीकडे तिचं छोटं वावर, म्हणजे शेत. रोज सकाळी सातला ती डोक्यावर टोपलं घेऊन नाला ओलांडायची आणि पहिली माझ्या दारात यायची. भाजीची जुडी ती जुन्या लाल लुगड्याच्या चिंधीनं बांधायची, सुतळी विकत आणायला लागते म्हणून. जिभेला मात्र काही बांधलेलं नव्हतं. आमच्या शेजारणीला टमाटे दाबून बघायची सवय. एकदा भाजीवाली तिला म्हणाली, "दाबून काय पाह्यता, तुमची सून नाई थे." शेजारणीची सून दारातच उभी होती. त्या घरात आठवडाभर ना टमाटे गेले, ना सासू-सुनेचं बोलणं झालं.

नवऱ्याबद्दल विचारलं तर सांगायची, "आमचे मालक पान्याची मोटार चालू करतात अन् बसतात. मोटार बंद पडली की तेवढे उठतात." नवरा म्हणजे अगदीच मुका माणूस. मी त्याचा आवाज ऐकलेला आठवत नाही.

तुम्ही येऊन गेलात त्याच्या आसपास नाल्याच्या वरच्या अंगाला सोयाबीनचं तेल शुद्ध करायचा कारखाना सुरू झाला. नियमाप्रमाणे कारखान्यानं आपलं पाणी आतच साफ करून मग नाल्यात सोडायचं असतं. त्यासाठी आत यंत्र असतं, फाटकावर आकड्यांचा फलक असतो, आणि ते सगळं बघायला एक सरकारी ऑफिस असतं. फलक आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. पाणी फक्त तिनं पाहिलं.

थोड्याच दिवसांत ती कारखान्याचा आठवडा सांगायला लागली. भाजी देता देता म्हणायची, "आज टाकी धुतली त्यायनं." नाहीतर, "आज साहेब लोकायले सुट्टी असन. पानी कोमट हाये." नाल्यातले बेडूक बंद झाले तेही तिनंच सांगितलं, मला वाटलं होतं माझे कान गेले. पालकाच्या पानावर मेणचट थर येऊ लागला. मुळ्या काळ्या पडल्या. विहीर नाल्याला लागूनच, तिचंही पाणी फिरलं. पाऊस नसला की मोटार नाल्यालाच लावावी लागे. दुसरं पाणी नव्हतं.

एक दिवस तिनं टोपल्यातून लग्नात वाटतात तसली पाण्याची छोटी बाटली काढून माझ्या ओट्यावर ठेवली. वर निळं लेबल, शुद्ध पेयजल. आत पिवळट पाणी, वर साबणासारखा फेस.

"बाई, तुमी कालेजात इंग्रजी शिकवत होत्या. याले इंग्रजीत काय म्हन्तात थे लिहून द्या, मी देतो नेऊन सरकारले."

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आम्हाला एकच गोष्ट पक्की शिकवली: जे लिहून ठेवलं नाही ते घडलंच नाही. मी तिला म्हटलं, एका बाटलीनं काही सिद्ध होत नाही. रोज एक बाटली भरायची, रोजची नोंद ठेवायची, एक वर्ष. मग बघू कोण नाही म्हणतं ते.

"वर्षभर?"

"वर्षभर."

"तवरीक वांगे काय प्यातीन?"

मी तिचं ऐकलं नाही. एक जाड वही काढली, पट्टी घेतली आणि रकाने आखले. तारीख. वेळ. रंग. वास. फेस. पाच रकाने झाल्यावर पानाच्या उजवीकडे दोन बोटं जागा उरली. मोकळी जागा मला बघवत नाही. मी सहावा रकाना आखला आणि वर लिहिलं: कोणत्या पिकाला दिलं.

"थे कायले?" तिनं विचारलं.

"नोंद पूर्ण असावी म्हणून."

"तुमी भात एका रकान्यात अन् वरन दुसऱ्या रकान्यात जेवता का, बाई?"

तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, मी लिहायची. पुढचं वर्षभर आमची सकाळ अशी जायची.

"रंग?"

"तुमच्या शेजारनीच्या घरचा चहा असते ना, तसा."

मी लिहायची: फिकट तपकिरी.

"वास?"

"जुन्या भज्याच्या कढईचा."

खवट तेल.

"फेस?"

"हाये. म्हशीच्या दुधाले येते तेवढा."

दोन इंच.

"कोणत्या पिकाला?"

"पालकाले देल्लं. सांबाराले देल्लं. वांग्याले मोटार पुरली नाई, लाइट गेली."

पालक, कोथिंबीर.

बाटल्या ती कॉलनीजवळच्या मंगल कार्यालयामागून वेचून आणायची. मी त्यांची निळी लेबलं कोमट पाण्यानं सोलून काढायची, माझी पांढरी चिकटवायची आणि गच्चीवर ओळीनं मांडायची. महिन्याला एक ओळ. वर्ष संपता संपता गच्चीवर कपडे वाळवायला जागा राहिली नाही. मला त्या ओळींचा अभिमान वाटायचा. संध्याकाळी मी उगीच वर जाऊन बघून यायची.

आता एक गोष्ट सांगते, ती तुमच्या आईलाही माहीत नाही. वही सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यापासून मी तिची भाजी खाणं बंद केलं. घेणं बंद केलं नाही, रोज घ्यायची. ती पान खायची, आधी मी मंग तुमी म्हणायची, आणि ती वळली की जुडी मागच्या दारानं मोकाट गाईपुढे जायची. पालक कोणत्या पाण्यावर वाढला ते माझ्याच अक्षरात समोर लिहिलेलं होतं. माझ्यासाठी भाजी मोठ्या दुकानातून यायची.

वर्ष झाल्यावर मी इंग्रजीत अर्ज लिहिला. नऊ परिच्छेद, तीन जोडपत्रं, वहीची संपूर्ण प्रत, बाटल्यांची यादी. इतका नेटका अर्ज मी प्राचार्यांसाठीसुद्धा कधी लिहिला नव्हता. तिनं तो वाचून दाखवायला सांगितला. मी म्हटलं, इंग्रजीत आहे. ती म्हणाली, असू दे. ओट्यावर बसून तिनं नऊच्या नऊ परिच्छेद ऐकले, मधे एकदाही हलली नाही. झाल्यावर म्हणाली, "चांगलं वाजते. पन भांडन वाटत नाई."

मी म्हटलं, सरकारशी असंच भांडतात.

काही महिन्यांनी कारखान्यांचं पाणी बघणाऱ्या त्या सरकारी ऑफिसचे साहेब आले. तिशीतला मुलगा, चष्मा, हातात बर्फाची पेटी. मी त्यांना आधी गच्चीवर नेलं. ती आमच्यामागून टोपलं घेऊनच वर आली. साहेबांनी ओळींकडे पाहिलं, एक बाटली उचलून उन्हात धरली, परत जागेवर ठेवली. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "आजी, नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो. हे पाणी आता त्या दिवसाचं पाणी राहिलेलं नाही."

"मंग कोन्या दिवसाचं हाये?" तिनं विचारलं.

साहेबांनी तिला नियम समजावला. न वैतागता, दोनदा समजावला. नमुना सरकारी माणसानंच घ्यायचा. कारखान्याला तिथेच नोटीस द्यायची, त्यांचा माणूस समोर हवा. पाण्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांवर मोहोर, दोन्हीवर दोघांच्या सह्या. तसं केलं नाही तर कोर्टात ते पाणी म्हणजे नुसतं पाणी.

"म्हन्जे ज्यानं घान केली त्याले सांगून मंग पाहाचं," ती म्हणाली.

"कायदा तसा आहे, मावशी."

"चोराले आवाज द्याचा, मंग दार लावाचं."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता. लबाड असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मंगळवार होता आणि मंगळवारी ते टाक्या धुतात, हे तिनं साहेबांना गच्चीवरच सांगितलं होतं. साहेब फाटकाकडे गेले. आम्ही दोघी नाल्यात उतरून जिथे कारखान्याचा पाइप उघडतो तिथे उभ्या राहिलो. पाइपातून पांढरा फेस येत होता, ढेकळांसारखा. वास असा की मी पदर नाकाला लावला. ती तशीच उभी.

फाटकावर साहेबांना रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागलं, ओळखपत्र दाखवावं लागलं, मॅनेजर जेवायला गेले होते त्यांची वाट बघावी लागली, चहा नको म्हणावा लागला आणि मग घ्यावा लागला. तास झाला, वर दहा मिनिटं झाली. आमच्यासमोर फेस पातळ होत गेला. मग पाणी आलं, मग स्वच्छ पाणी आलं. शेवटी शेवटी तर इतकं स्वच्छ की तळाचे गोटे दिसले.

साहेब आणि कारखान्याचा माणूस काठावरून उतरले तेव्हा ती म्हणाली, "साहेब, आत्ता होतं."

"मावशी, मला समोर आहे तेच घेता येतं."

त्यांनी घेतलं. दोन बाटल्या, दोन मोहरा, सह्या. सगळं नियमाप्रमाणे, माझ्या डोळ्यांदेखत. त्यांचं अक्षरही सुरेख होतं. जाताना त्यांनी वही चाळली आणि तिची प्रत फाइलला हवी म्हणाले. मी आनंदानं दिली. वाटलं, निदान वही तरी कुठेतरी पोचली.

पोचली. पाण्याचा अहवाल आला: मर्यादेत. त्याच टपालानं वहीची एक प्रत नगरपालिकेकडे गेली होती, वर शेरा होता: माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव. कारण सहावा रकाना. वर्षभर एक बाई स्वतःच सांगते आहे की खवट, फेसाळ, तेलकट पाणी ती पालकाला देते, कोथिंबिरीला देते, आणि तीच भाजी गावात विकते. वाचणाऱ्यानं आणखी काय करावं?

पंधरा दिवसांत तिला नोटीस आली. नाल्याच्या पाण्यावरची भाजी विकायला बंदी. आधार: अर्जदाराच्या स्वतःच्या नोंदी.

मी नोटीस घेऊन नगरपालिकेत गेले. तिथल्या बाबूला म्हटलं, "तीच वही कारखान्याविरुद्ध पुरावा होत नाही आणि तिच्याविरुद्ध होते. म्हणजे वही खरी की खोटी?"

तो बिचारा खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "मॅडम, दोन ऑफिसं वेगळी आहेत."

दुसऱ्या दिवसापासून कचऱ्याच्या गाडीवरचं गाणं बंद करून भोंग्यावर सूचना वाजू लागली. नाल्यालगतच्या वावरातली भाजी नागरिकांनी घेऊ नये. नाल्यालगत वावरं चार-पाच होती, पण भाजी घेऊन दारोदार येणारी ती एकच. बाकीच्यांनी राग तिच्यावर काढला. तिचा सख्खा दीर नाल्याच्या काठावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कारखान्यानं आमाले पानी देल्लं. वैनीनं भोंगा देल्ला."

आपल्या कॉलनीतल्या बायकाही मागे राहिल्या नाहीत. टमाट्यांचं वैर विसरली नव्हती ती शेजारीण म्हणाली, "पान खाऊन दाखवायची, मेली. विषाची जाहिरात." मग माझ्याकडे वळली. "आणि काकू, तुम्हाला तर माहीत होतं. वर्षभर लिहीत होता तुम्ही. आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीत."

तिचं बरोबर होतं. आपल्या पुराव्यात गडबड नको म्हणून मी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

महिन्याभरानं ती आली. टोपलं नव्हतं. टोपल्याशिवाय ती किती बुटकी आहे ते मला तेव्हा कळलं. ओट्यावर बसली नाही.

"बाई, एक कागद लिहून द्या. लिहा का बाटल्या खोट्या होत्या. वही खोटी होती. माह्या डोक्यात फरक पडला होता असं लिहा पाह्यजे तर."

"मी खोटं लिहिणार नाही," मी म्हटलं.

"खरं लिहून काय झालं?"

मी तिला सांगितलं की असं मागे हटलं तर कारखान्याला रान मोकळं मिळेल, की आपली बाजू सत्याची आहे, की वर अपील करता येतं. वर्गात बोलावं तशी बोलले. ती ऐकत होती. इंग्रजी अर्ज ऐकला होता तशीच.

मग म्हणाली, "तुमी माही भाजी खाल्ली का, बाई?"

मी मागच्या दाराकडे पाहिलं.

"गाईनं खाल्ली. मले मालूम हाये. थे गाय चराले माह्याच वावरात येते. तिच्या तोंडाले माही लाल चिंधी होती." पुढे म्हणाली, "पयल्याच आठवड्यात दिसली होती. म्हटलं, जाऊ द्या. शिकेल बाई हाये, तिले जास्त भेव असन."

म्हणजे त्या सगळ्या सकाळी, जवळजवळ वर्षभर, ती माझ्यासमोर पान तोडून खात होती आणि जुडी कुठे जाणार ते तिला ठाऊक होतं. तरी तिनं रोज नोंद सांगितली. एक दिवस चुकवला नाही.

मी कागद लिहून दिला नाही. मला माझ्या तत्त्वाचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी मला तिचाच राग आला.

तिनं तो कागद तहसीलबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाकडून करून घेतला. कारखान्याचा एक माणूस सोबत होता म्हणे, फार मदत केली त्यानं. खाली तिचा अंगठा. त्या कागदानं काय झालं? अर्जदारानं माघार घेतल्यामुळे कारखान्याविरुद्धची तक्रार बंद झाली. भाजीवरची बंदी तशीच राहिली, कारण बंदी दुसऱ्या ऑफिसची, आणि कागदात त्या ऑफिसचा उल्लेखच नव्हता. एक ओळ हवी होती. ती मला दाखवायला आली असती तर मी ती ओळ घातली असती, असं मी स्वतःला सांगते. पण माझं दार मीच लावलं होतं, आणि टंकलेखकानं त्याला सांगितलं तेवढं टाइप केलं.

पुढे काही दिवस तिनं पहाटेची एसटी धरून मंगरूळपीरच्या बाजारात भाजी नेली. तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. दर्ग्याच्या वाटेवर बसायची. भाजी खपायची, कारण भाजी दिसायला देखणी होती. त्या पाण्यात काय होतं कोण जाणे, वांगी तर नजर ठरू नये अशी चकचकीत. कोणीतरी नगरपालिकेला कळवलं. दिराचं नाव लोक घेतात, मी घेणार नाही, मला माहीत नाही.

आता ती कारंज्यात नाही. मुलीच्या गावी असते, तिकडे रिसोडच्या बाजूला. सोयाबीन निवडायच्या कामाला जाते असं ऐकलं. वावर पडीक आहे. नाला आहे. मंगळवारी फेस असतो. मी लिहीत नाही.

शेवटचा दिवस सांगायचा राहिला.

नगरपालिकेचा तोच बाबू सकाळी माझ्या दारात आला. बंदी मोडून भाजी विकल्याबद्दल ट्रॅक्टर फिरवून उभं पीक नष्ट करायचा आदेश होता. त्यासाठी पंचनामा लागतो आणि पंच म्हणून दोन प्रतिष्ठित माणसं. एक मंगल कार्यालयाचे मालक मिळाले होते. "मॅडम, दुसरी सही तुमची घेतो. शिकलेलं माणूस बरं असतं."

मी का गेले, हे मी बरेचदा स्वतःला विचारलं. ट्रॅक्टर कोणाच्या तरी सहीनं फिरणारच होता. मला वाटलं, निदान कागद नीट होईल.

वावरात नवरा मोटारीच्या ओट्यावर बसला होता. मोटार बंद होती, पण तो उठला नाही. ती बांधावर उभी होती. मला पाहून तिला नवल वाटलं नाही.

"या बाई," म्हणाली. "तुमच्याबिगर कागद होत नाई."

बाबूनं पंचनामा घरूनच लिहून आणला होता. दोन प्रती, नियमाप्रमाणे, एक ऑफिसला आणि एक तिला. त्यानं मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचला. वांगी इतक्या ओळी, पालक इतके वाफे, कोथिंबीर इतके वाफे, अंबाडी एक वाफा. ती डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. माझ्याबरोबर मनात वाफे मोजत असावी.

वाचून संपलं. मंगल कार्यालयाच्या मालकांनी सही केली. मी पेन उघडलं.

"अन् भेंडी?" ती म्हणाली.

बाबूनं वावरावर नजर फिरवली. भेंडी कुठे दिसत नव्हती.

"थ्या कुंपनापाशी. एरंडीच्या मांगं. दोन ओळी हाये. थे राह्यली लिहाची."

बाबू चार पावलं गेला, एरंडीची पानं बाजूला करून पाहिलं आणि परत आला. पानांमधून पिवळी फुलं मलाही दिसली. पंचेचाळिशीचा माणूस, रोज कुठे ना कुठे भोंगा वाजवणारा. आवाज खाली करून म्हणाला, "मावशी, नाही दिसली मला. राहू द्या ना. घरी खायला होईल."

"नाई," ती म्हणाली. "सारं लिहा. थेच पानी देल्लं तिले बी. आर्धं लिहून मंग म्हनसान का बाईनं लपवलं." आणि माझ्याकडे बघून, रोज सकाळी सातला सांगायची अगदी त्याच सुरात, "भेंडी. दोन ओळी. लिहा, बाई."

बाबूनं कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच टाका मॅडम, तुमचं अक्षर बसेल तिथे."

अंबाडीच्या खाली सहीच्या वर जरा जागा होती. मी लिहिलं: भेंडी, दोन ओळी, फुलावर आलेली. दुसऱ्या प्रतीवरही लिहिलं. मग सही केली. बाबूनं ट्रॅक्टरवाल्याला हात केला, आणि तो आधी कुंपणाकडे वळला.